कुठं, कोण, किती

‘उद्या सकाळी सहाला एसटी स्टँडसमोर. दुर्बीण, पाणी, टोपी. भडक कपडे नकोत. नाश्ता आपापला.’

महाराष्ट्रातल्या कुठल्याही पक्षिमित्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शनिवारी रात्री असा मजकूर सापडेल. गाव बदललं की फक्त तळ्याचं नाव बदलतं. खाली पटापट अंगठे उमटतात, त्यातले निम्मेही सकाळी हजर नसतात, आणि जे येतात त्यातल्या एकाने अंगठा दिलेलाच नसतो. हेही सगळीकडे सारखंच.

पक्षिनिरीक्षकांच्या मंडळात वर्षभर जे काही बोललं जातं, ते घोळून घोळून तीन प्रश्नांवर येतं. कुठं जायचं? दिसला तो कोण? आणि किती होते? पहिल्या प्रश्नाचं उत्तर रविवार उजाडला की संपलं. दुसऱ्याचं उत्तर विचारणाऱ्याला जन्मभर पुरतं. तिसऱ्याचं आज कुणालाच नको असतं आणि तीस वर्षांनी त्याच्यासाठी लोक धडपडतात. इतकं वेगवेगळं आयुष्य असलेल्या तीन गोष्टी आपण एकाच ग्रुपवर ओततो, वर सुप्रभातची फुलं आणि कुणाच्या तरी नातवाच्या बारशाचे फोटो. मंडळांच्या ऑनलाइन कारभारातल्या बहुतेक कटकटींचं मूळ इथं आहे.

इंटरनेट येण्याआधी हे तीन प्रश्न आपोआप वेगळे राहत. ‘कुठं’ हे तोंडी किंवा पोस्टकार्डावर ठरायचं. ‘कोण’साठी सालिम अलींचं १९४१ मध्ये पहिल्यांदा आलेलं पुस्तक आणि मंडळातला एखादा जाणता माणूस. ‘किती’ हे ज्याच्या-त्याच्या वहीत. वहीतलं बाहेर यायला एक वाट होती. जफर फतेहअली यांनी १९६०च्या सुमारास पक्षिनिरीक्षकांसाठी एक इंग्रजी वार्तापत्र सुरू केलं. सायक्लोस्टाइल केलेली साधी पानं, पण कुठल्या तरी कोपऱ्यातल्या हौशी माणसाने टिपलेलं त्यात छापून यायचं आणि देशभरचे लोक ते वाचायचे. महिन्याभराने का होईना, नोंद कागदावर उतरायची आणि तिथंच राहायची.

मग २००० नंतर ई-मेलचे गट आले. याहू ग्रुप्सवर मुंबईसह बऱ्याच शहरांतल्या निरीक्षकांनी वर्षानुवर्षं चर्चा केल्या, याद्या टाकल्या, वाद घातले. २०१९च्या अखेरीस याहूने जाहीर केलं, की साठलेला मजकूर काढून टाकला जाणार. १५ डिसेंबर २०२० रोजी ती सेवाही बंद झाली. ज्यांनी वेळेवर उतरवून घेतलं त्यांचं वाचलं. कागदाला वाळवी लागायला निदान काही वर्षं तरी लागतात.

आता राज्य व्हॉट्सॲपचं. त्याची मोठी गंमत म्हणजे ते शिकवावं लागत नाही. मंडळातल्या सत्तरीच्या काकांकडे ते असतं, आठवीतल्या मुलीला ते आईच्या फोनवर मिळतं. अडचणीही त्याच्या घडणीतच आहेत. ग्रुपची सदस्यमर्यादा २०१६ मध्ये २५६ झाली, २०२२ मध्ये ५१२ आणि त्याच वर्षी १०२४. मर्यादा भरली की मोठी मंडळं ‘पक्षिमित्र २’ काढत आणि एका ग्रुपवरची बातमी दुसऱ्यावर टाकायला एक हौशी माणूस नेमत. मर्यादा वाढल्यावर ती कटकट मिटली, पण हजार माणसांच्या ग्रुपवर कुणी काही विचारायला धजेना. नवा माणूस चाळीस जणांसमोर ‘हा कावळाच ना?’ असं विचारेल. हजारांसमोर नाही विचारणार.

२०२२च्या शेवटी ‘कम्युनिटी’ची सोय आली. एका छत्राखाली अनेक ग्रुप आणि वर फक्त ॲडमिनने बोलायचा सूचनाफलक. बऱ्याच मंडळांनी उत्साहाने विभागणी केली: सूचना वेगळ्या, ओळख वेगळी, गप्पा वेगळ्या. व्यवहारात काय होतं, हे अशा कुठल्याही मंडळात महिनाभर राहिलं तरी कळतं. सूचनाफलक उत्तम चालतो, कारण तिथं ॲडमिनखेरीज कुणाला नवं काही टाकताच येत नाही. ओळखीच्या ग्रुपवर सहा-सात जण उरतात. बाकीची सगळी जत्रा गप्पांमध्ये, आणि पक्ष्यांचे फोटोही शेवटी तिथंच पडतात, कारण तिथं ‘वा! अप्रतिम!’ म्हणणारे जास्त. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब ही मंडळाची बाहेरची ओसरी आहे. लोकांना कळावं, नवे सदस्य यावेत, शाळांनी बोलवावं, एवढ्यापुरती ती लागते; आतलं काम तिथं होत नाही.

आतलं काम कसं चालतं, ते एका साध्या प्रसंगात दिसतं. जून महिना, पाऊस नुकताच सुरू झालेला. नदीच्या घाटावरून एक फोटो येतो. काळा-पांढरा पक्षी, पायरीवर उभा, लांब शेपटी.

‘दादा, हा कोण? आत्ता घाटावर.’

‘धोबी. पांढरा धोबी.’

‘जूनमध्ये?’

पुढे मिनिटभर सामसूम. मग कुणीतरी लिहितं, ‘ताई, कपाळ बघा. काळा रंग चोचीपर्यंत आलाय का?’

तो आलेला असतो. पांढरा धोबी हिवाळी पाहुणा आहे. साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो, उन्हाळा तापला की उत्तरेकडे जातो. त्याचं कपाळ आणि चेहराच पांढरा असतो. घाटावरचा हा दुसरा, पांढऱ्या भुवईचा धोबी. अंगाने थोडा मोठा, डोकं काळं, तो काळा रंग थेट चोचीला भिडलेला आणि डोळ्यावर ठळक पांढरी भुवई. हा इथलाच, बाराही महिने नदीकाठी राहणारा. विचारणारीला दोन पक्षी एकदम कळले, आणि पक्ष्याइतकाच महिनाही बघायचा असतो हे कळलं. पुस्तक वाचून हे कळायला वेळ लागला असता. ग्रुपचं खरं मोल इथं आहे, आणि ‘अप्रतिम!’च्या पावसात नेमकं हेच वाहून जातं.

ओळखीच्या कामात फोटो हा पुरावा, आणि व्हॉट्सॲप तो पुरावा पाठवता-पाठवता बोथट करतं. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो. वटवट्यांसारख्या मातकट, एकमेकांसारख्या पक्ष्यांत पंखावरची फिकट पट्टी हीच खूण असेल तर ती पुसली जाते. फोटोच्या फाइलमध्ये कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख, वेळ आणि ठिकाणही गळून पडतं. म्हणून जुने लोक फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगतात, आणि सोबत चार गोष्टी लिहायला लावतात: तालुका, तारीख, जागा कशी होती, पक्षी काय करत होता. शेवटची गोष्ट नवशिक्यांना फालतू वाटते. पण शेपटी वर-खाली हलवत पाण्याच्या कडेने धावत होता, एवढं लिहिलं तरी निम्मी ओळख पटते.

हल्ली यात एक यांत्रिक जाणकारही बसलाय. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचं ‘मर्लिन’ हे ॲप २०२१ पासून आवाजावरूनही पक्षी सुचवतं. फोन हातात धरायचा, जंगल ऐकवायचं, पडद्यावर नावं उमटत जातात. जादूच वाटते. सह्याद्रीच्या जंगलात मात्र भृंगराज नावाचे एक नकलाकार गृहस्थ राहतात. शेपटीच्या टोकाला दोन झुबके मिरवणारा हा कोतवालाचा भाऊबंद इतर पक्ष्यांचे आवाज बेमालूम काढतो. ॲप ऐकतं ते प्रामाणिकपणे सांगतं, आणि झाडावर एकच भृंगराज असताना यादीत तीन-चार पक्षी चढू शकतात. म्हणून ‘मर्लिनने सांगितलं’ एवढ्यावर मंडळात कुणी मान डोलावत नाही. ‘बघितलास का?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला.

आता ‘किती’. याची जागा व्हॉट्सॲप नाही, हे निदान पक्षिनिरीक्षकांच्या बऱ्याच मंडळांना उमगलंय. पक्षिनिरीक्षक नोंदी ठेवतात ‘ई-बर्ड’वर. कॉर्नेलची तीच प्रयोगशाळा आणि ऑडुबॉन सोसायटी यांनी २००२ मध्ये हे सुरू केलं. भारतात ‘बर्ड काउंट इंडिया’ हा अनेक संस्था-गटांचा सहयोग त्याचा प्रसार करतो, आणि फेब्रुवारीतल्या चार दिवसांच्या जागतिक पक्षिगणनेत २०१३ पासून आपले लोक भाग घेतात.

वहीतली यादी आणि ई-बर्डवरची यादी यांत एक महत्त्वाचा फरक आहे. ई-बर्ड आधी विचारतं: कुठं होतात, किती वाजता सुरू केलंत, किती वेळ बघितलंत, किती चाललात, बरोबर किती जण होते? आणि शेवटी तो कळीचा प्रश्न: ओळखू आलेल्या सगळ्या पक्ष्यांची नोंद केलीत का, की निवडक? ‘सगळ्या’ असं उत्तर दिलं की यादीत जे नाही त्यालाही अर्थ येतो. ‘आज तळ्यावर नवरंग दिसला!’ या व्हॉट्सॲपवरच्या बातमीतून नवरंग वाढले की घटले, हे कधीच कळणार नाही. पण त्या तळ्याच्या शंभर पूर्ण याद्यांपैकी चाळीस याद्यांत धोबी आहे, आणि दहा वर्षांनी तो वीसच याद्यांत दिसतो, तर काहीतरी बिघडलंय हे कळतं. माणसं किती आली, कोण तज्ज्ञ होतं, याचा हिशेब पुढे गणिताने सांभाळता येतो. ‘नव्हता’ ही नोंद मात्र नंतर तयार करता येत नाही.

मंडळाच्या दृष्टीने यातली सर्वांत उपयोगी सोय यादी वाटून घेण्याची आहे. दहा जण फिरायला गेले तर एकाने यादी करायची आणि बाकी नऊ जणांना पाठवायची. सगळ्यांच्या खात्यात ती जमा होते, पण मोजताना फेरी एकच धरली जाते. नाहीतर त्या तळ्यावरची बारा बदकं कागदोपत्री एकशेवीस झाली असती. यामुळे मंडळात एक नवं पद तयार झालंय: यादीवाला. तो चालताना पक्षी कमी बघतो आणि सारखा फोनकडे बघतो, म्हणून बाकीचे त्याला चिडवतात. संध्याकाळी मात्र सगळ्यांना यादी त्याच्याकडूनच हवी असते.

यादी भरली की एक चाळणी लागते. प्रत्येक भागासाठी, महिन्यागणिक, प्रत्येक पक्ष्याची अपेक्षित कमाल संख्या ठरवलेली असते. त्यापलीकडे गेलात, किंवा जूनमध्ये पांढरा धोबी लिहिलात, की नोंद अडते आणि तपशील मागितला जातो. पुढे एखादा स्थानिक जाणकार, विनामोबदला काम करणारा, ती तपासतो. त्याचा विनम्र ई-मेल येतो: वर्णन किंवा फोटो देऊ शकाल का? यावरून किती रुसवेफुगवे होतात! वीस वर्षं पक्षी बघणाऱ्या माणसाला कालच्या पोराने पुरावा मागावा, हे पचत नाही. पण ग्रुपवर ज्येष्ठ म्हणतील ते खरं, ही आपली सवय. इथं ज्येष्ठांनाही भुवई दाखवावी लागते, आणि हे मला तरी फार चांगलं वाटतं.

अशा रविवारच्या याद्यांतून काय उभं राहतं, ते ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालात दिसलं. २०२३च्या आवृत्तीत ९४२ जातींचा विचार झाला. त्यामागे ३० हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदी होत्या. ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यातल्या २०४ घटलेल्या निघाल्या. आधीच्या, २०२०च्या अहवालाने चिमणीबद्दलही सांगितलं होतं: मोठ्या शहरांत ती कमी झाली, पण देशभरात एकूण संख्या साधारण टिकून आहे, आणि मोबाइल टॉवरच्या लहरींना दोषी ठरवावं असा ठोस पुरावा नाही. ‘टॉवरमुळे चिमण्या संपल्या’ हा संदेश मात्र दर मार्चमध्ये, चिमणी दिनाच्या आदल्या रात्री, मोबाइलवरूनच फिरतो.

इथवर बोलण्याचा मामला झाला. पक्षिमित्रांच्या मंडळाची खरी परीक्षा मात्र काय बोलायचं नाही, यात असते. तिबोटी खंड्याचंच बघा. जेमतेम १३ सेंटिमीटरचा, नारिंगी-जांभळा-निळा असा अंगावर सगळे रंग घेतलेला पक्षी. पावसाच्या तोंडावर कोकणातल्या ओढ्यांवर येतो, काठच्या मातीत बोगदा खणून आत अंडी घालतो. पिल्लं झाली की आई-बाप दोघं सापसुरळ्या, बेडूक, खेकडे घेऊन ठरलेल्या फांदीवर बसतात आणि मग बोगद्यात शिरतात. फोटोग्राफरला याहून सोपं काय हवं? ठिकाणाची पिन एका ग्रुपवर पडली की ती दुसऱ्यावर जायला दोन मिनिटं लागतात, आणि येत्या रविवारी ओढ्यापाशी गाड्या. कुणी समोरची फांदी तोडतं, कुणी फोनवर पक्ष्याचा आवाज लावतं. माणसं दहा पावलांवर उभी असली की चोचीत घास धरलेला पक्षी जागा उघड होऊ नये म्हणून बिळात जात नाही. तो थांबून राहतो आणि आत पिल्लं उपाशी. घरट्याला किंवा अंड्यांना त्रास देणं हे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या व्याख्येतच घातलंय, हे त्या गर्दीतल्या फार कमी लोकांना ठाऊक असतं.

घुबडांचा धोका वेगळा. दिवाळीच्या आसपास जादूटोण्यासाठी त्यांची चोरटी पकड वाढते, असा इशारा वन्यजीव व्यापारावर लक्ष ठेवणारी ‘ट्रॅफिक’ ही संस्था देत आली आहे. दरडीच्या कुठल्या कपारीत शृंगी घुबड बसतं, हे हजार जणांच्या ग्रुपवर सांगताना त्या हजारांतले किती आपण चेहऱ्याने ओळखतो, हा प्रश्न ॲडमिनने स्वतःला विचारायला हवा.

म्हणून सुज्ञ मंडळांत काही नियम रूढ झालेत. विणीच्या दिवसांत घरट्याचा फोटो टाकायचा नाही, कितीही सुंदर असो. ठिकाण सांगायचं ते तालुक्यापुरतं. ‘डॉक्युमेंट’ म्हणून मूळ फाइल पाठवताना त्यात जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात, तेव्हा आधी ते काढायचे. ओळखीसाठी सोयीची असलेली गोष्ट इथं अंगाशी येते. ई-बर्ड काही संवेदनशील जातींची नेमकी जागा आपणहून झाकतं आणि नकाशावर तो पक्षी सुमारे ४०० चौरस किलोमीटरच्या ठोकळ्यात कुठंतरी आहे एवढंच दाखवतं. पण आपल्या गावच्या ओढ्यावरचा पक्षी त्या जातींत असेलच असं नाही, आणि तेव्हा घरट्याची यादी पिल्लं उडून गेल्यावर भरणं हाच उपाय.

या गुप्ततेचं बिल नव्या माणसाच्या नावावर फाटतं. तो बघतो की चार-पाच ज्येष्ठांना सगळं आधी कळतं, त्यांचा आतला एक ग्रुप आहे, आणि आपल्याला फक्त तळ्यावरची बदकं. तो रागावून फोटोवाल्यांच्या ग्रुपमध्ये जातो, जिथं पिना मुक्तपणे मिळतात. यावर मला एकच मार्ग दिसतो: ठिकाण फोनवर द्यायचं नाही, पण माणसाला बरोबर न्यायचं. एकदा लांबून, दुर्बिणीतून, पंधरा मिनिटं दाखवायचं आणि परत फिरायचं. ओढ्यावर स्वतः गप्प उभा राहिलेला माणूस सहसा पिन पाठवत नाही.

संक्रांतीच्या आठवड्यात ग्रुपचा नूरच बदलतो. मांज्यात अडकलेली घार, पंख कापलेला बगळा, आणि ‘कुणी जवळपास आहे का?’ हा एकच प्रश्न दिवसभर. तेव्हा ठिकाण जितकं नेमकं तितकं चांगलं. सोबत वन खात्याचा १९२६ हा क्रमांक आणि ठरलेली सूचना: खोक्यात, अंधारात ठेवा, तोंडात पाणी ओतू नका.

बऱ्याच मंडळांत आता जुन्या वह्या ई-बर्डवर चढवण्याचं काम चालतं. जुन्या नोंदींसाठी तिथं वेगळा प्रकार आहे. वेळ-अंतर लिहिलेलं नसलं तरी तारीख आणि ठिकाण असलं की यादी घेतली जाते. ज्येष्ठांनी वाचायचं, कॉलेजातल्या पोरांनी भरायचं. १९८० च्या दशकातल्या वह्यांत दुर्मीळ पक्षी अगदी तपशिलात असतात: वेळ, वारा, कुठल्या फांदीवर. आणि गिधाडांपुढे ‘भरपूर’. क्वचित ‘नेहमीप्रमाणे’. मेलेल्या ढोराभोवती शंभर गिधाडं बसलेली असताना ती मोजत कोण बसणार? पुढे गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने घात केला. ते औषध अंगात असलेलं ढोर खाऊन गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मेली. कारण २००४ मध्ये सिद्ध झालं, २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी ९९ टक्क्यांहून जास्त नाहीशी झाली. ‘भरपूर’ म्हणजे ई-बर्डवर आकडा नसलेली एक फुली. पक्षी होता एवढं कळतं, किती होता ते नाही.

म्हणून हल्ली फेरी संपल्यावर चहाच्या टपरीवर यादीवाला आधी नवलाचे पक्षी विचारत नाही. कावळे किती, साळुंक्या किती, पारवे किती, हे विचारतो. ‘अरे, असतील पन्नासेक,’ असं कुणीतरी म्हणतं. ‘असतील नको, मोजले किती?’ मग विजेच्या तारेवरच्या साळुंक्यांवरून वाद सुरू होतो, दुसरा चहा येतो, आणि अठ्ठावीसवर तडजोड होते.